तेलाच्या पडद्यावर तरंगणारं इंजिन

बीएमडब्ल्यूच्या ‘एम३’ या स्पोर्ट्स कारमध्ये २००७ साली आलेलं व्ही८ इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त ८,४०० फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला १४०! प्रत्येक फेऱ्यात आठही पिस्टन वर जातात, क्षणभर थबकतात, उलटे फिरतात आणि तो सगळा हिसका कनेक्टिंग रॉडमधून क्रँकशाफ्टवर येतो. रॉड आणि क्रँक यांच्या मध्ये असतं बिगेंड बेरिंग. अर्धगोल वाकवलेले दोन पातळ पत्रे, बस्स. त्यात ना गोळ्या, ना रोलर. मग धातूवर धातू घासून सगळं वितळत कसं नाही?

कारण ते एकमेकांना टेकतच नाहीत.

हे उमगलं ते जवळपास अपघातानंच. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरताच तेल आत जाण्याऐवजी बाहेर उसळलं. बूच मारलं, तेही उडालं! दाबमापक लावल्यावर दिसलं की, वरच्या भाराच्या सरासरी दाबापेक्षा तेलातला दाब कितीतरी जास्त आहे. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. फिरणारा दांडा चिकट तेलाला निमुळत्या फटीत ओढत नेतो आणि तिथे कोंडलेलं तेल त्यालाच उचलून धरतं. पावसात भरधाव गाडीचं टायर रस्त्यावरच्या पाण्यावर चढतं, तसंच. रस्त्यावर जे जिवावर बेततं, त्याच्याच जोरावर इंजिन जगतं.

तेलाचा हा पडदा अवघ्या काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचा. इंजिन थांबलं की तो विरतो. पुन्हा सुरू केल्यावर तो जमेपर्यंतचे क्षण झिजेचे. म्हणून बेरिंगचा पृष्ठभाग मुद्दाम मऊ ठेवतात. तेलातला बारीक कण त्यात रुतून बसावा, आणि झिजायचंच तर महागड्या क्रँकऐवजी स्वस्त बेरिंगनं झिजावं.

या एम३ च्या अनेक इंजिनांत मात्र हीच बेरिंगं अकाली झिजलेली निघाली. बरेच जाणकार बोट ठेवतात ते फटीवर. बेरिंग आणि क्रँक यांच्यातली जागा फार कमी, त्यात १०डब्ल्यू-६० हे दाट तेल. फटीतून तेल पुरेसं वाहिलं नाही, तर उष्णताही वाहून जात नाही. नेमक्या कारणांवर वाद आहेत, झिजेवर नाहीत.

म्हणूनच जुन्या एम३ चे मालक झिजलेल्या बेरिंगची ठकठक ऐकू येण्याची वाट न पाहता बेरिंग बदलून घेतात. सुधारित बेरिंगमध्ये जास्त काय असतं? जागा! फट काही मायक्रॉननी वाढवलेली असते, आणि काहींवर घर्षण कमी करणारा लेपही असतो. पण फार वाढवली तर तेल कडांनी निसटतं आणि दाब पडतो. बेरिंग बदलण्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. ते वरून टांगून खालची सबफ्रेम सोडवतात आणि ऑइल चेंबर काढतात. रॉडचे बोल्ट आवळताना कायमचे ताणले जातात, त्यामुळे तेही नवेच घालतात.

तुमची गाडी साधी असली तरी नियम हाच: तेलाचा पडदा जपायचा. इंजिन पुरतं तापेपर्यंत ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका आणि तेल वेळेवर बदला. खालून ठकठक ऐकू आली तर गाडी तिथेच बंद करा, चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका.