कलम १५ मधला ‘रस्ता’ आणि १.८ मीटरचा फुटपाथ

दरवर्षी १ जानेवारीला पेरणे फाट्यावरच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लाखो अनुयायी येतात. अनेकजण पुढे वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ यांच्या समाधीस्थळी जातात. त्या दिवसापुरती वाहतूक वळवली जाते, वाहनतळ आणि बसची सोय होते. पण सणसवाडी-शिक्रापूरचे कामगार, शाळकरी मुले आणि बाजाराला निघालेल्या महिला वर्षभर पुणे-अहिल्यानगर महामार्गाच्या कडेने चालतात. त्यांच्यासाठी काय नियम आहेत?

निकष ठरलेले आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी १०३’ ही पादचारी सुविधांची मार्गदर्शिका आहे. तिच्या २०१२ च्या आवृत्तीनुसार फुटपाथची मोकळी रुंदी निवासी भागात किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे ६ फूट हवी. बाजारपेठेत ती २.५ मीटर हवी. ‘मोकळी’ म्हणजे विजेचा खांब, झाड, डीपी, फलक वगळून उरलेली. दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाऊ शकतील, एवढी ही जागा असते. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. उंच फुटपाथ वृद्धांना चढता येत नाही, मग ते गाड्यांमधून चालतात. खांब, झाडे, विक्रेते यांच्यासाठी वेगळा पट्टा सुचवलेला आहे. त्यामुळे फुटपाथ मागताना टपरीवाल्यांच्या पोटावर पाय देण्याची गरज नाही.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर प्रशस्त फुटपाथ झाले. म्हणजे मनावर घेतले तर हे होते. अडचण हद्दीची आहे. हे निकष मुख्यतः शहरी रस्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. कोरेगाव भीमा-शिक्रापूर पट्ट्यात वाहतूक शहराची आहे, पण कारभार ग्रामपंचायतीचा.

आपल्यासाठी हा प्रश्न नवा नाही. १९२४ चा वायकोम सत्याग्रह मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याच्या हक्कासाठी होता. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला सार्वजनिक पाण्याचा हक्क बजावला. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला ‘रस्ते’ हा शब्द आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क कलम २१ चा भाग असल्याचे स्पष्ट केले. पूर्वी जातीमुळे रस्ता बंद होता. आज कायद्याने तो सर्वांना खुला आहे, पण ज्याच्याकडे गाडी नाही त्याला जीव मुठीत धरून चालावे लागते.

तरुणांनी सुरुवात टेपने करावी. वस्तीपासून शाळा, बसथांबा आणि दवाखान्यापर्यंतचा रस्ता मोजा. कुठे १.८ मीटर मिळते, कुठे कडाच नाही, हे लिहून फोटो काढा. रस्ता कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे आणि मंजूर आराखड्यात फुटपाथ किती रुंद आहे, हे माहिती अधिकारात विचारा. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ते उत्तर आणि आपली मोजणी ग्रामसभेत ठेवून ठराव मागा. ‘रस्ता नीट करा’ एवढ्या मागणीला आश्वासन मिळते. आकडा मांडला की उत्तर द्यावे लागते.

जय भीम!