मानेची शीर आणि विंचवाचा डंख

आपल्या रायगडच्या खेडोपाडी पेंढा उचलताना, अंधारात चपला पायात सरकवताना लाल विंचू डंख मारतो. पूर्वी अशा माणसाला आधी भगताकडे नेत. उतारा चाले, तासांमागून तास जात. मग दरदरून घाम, ओकाऱ्या, हातपाय गार, शेवटी तोंडाला गुलाबी फेस. लोक म्हणत, विष चढले! पण चढत होते ते काय, हे कुणालाच उमगले नव्हते.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. रुग्णाच्या खाटेजवळ बसून त्यांनी प्रत्येक लक्षण टिपले. १९८२ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने त्यांचे निरीक्षण छापले. विंचवाने माणूस मरतो तो हृदय हरल्यामुळे, हे त्यांनी दाखविले.

हे समजण्यासाठी आपली खारजमीन आठवावी. बांधाच्या उघाडीतून पाणी एकाच दिशेने जाते. बाहेर भरती असली की आतले पाणी तुंबते. हृदयाचेही तसेच आहे. त्याला चार कप्पे असून मधल्या झडपा म्हणजे उघाड्याच. उजव्या वरच्या कप्प्यात दाब पाऱ्याचा जेमतेम २ ते ६ मिलिमीटर, तर डावा खालचा कप्पा रक्त बाहेर फेकताना सुमारे १२० पर्यंत जातो. विंचवाच्या विषाने शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. डाव्या कप्प्याला बंद दारावर धडका द्याव्या लागतात. तो थकला की दाब मागे फुप्फुसांत तुंबतो आणि तेथे पाणी झिरपते. तोच गुलाबी फेस!

डॉ. बावस्करांनी आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध वापरले. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरातले चाळीस दगावत, ते प्रमाण एकावर आले. पुढे विंचवाची लसही आली. २०११ साली प्राझोसिनसोबत ती दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो असे त्यांनी सिद्ध केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

उजव्या बाजूचा दाब तर सुई न टोचताही दिसतो. मानेतली मोठी शीर थेट उजव्या वरच्या कप्प्याला जोडलेली आहे. ती हृदयाची पाणीपट्टीच समजा. डॉक्टर रुग्णाला ४५ अंशांत टेकवून बसवतात. छातीच्या हाडाच्या उंचवट्यापासून शिरेतले रक्त सरळ उभ्या मापाने ३ सेंटिमीटरच्या वर दिसले, तर दाब वाढला असे समजतात. हिचे ठोके डोळ्यांना दिसतात, बोटाला लागत नाहीत. शेजारची धमनी मात्र बोटाला उडते.

उताणे झोपल्यावर शीर फुगलेली दिसणे स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नये. पण बसल्यावरही शीर जबड्यापर्यंत फुगलेली, पाय सुजलेले, चार पावलांत धाप लागते, असे आई-वडिलांचे दिसले तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नका. दवाखाना गाठा.

आणि विंचू डसला तर? प्राझोसिन घरच्या घरी देऊ नये. त्याने रक्तदाब उतरतो, रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. रुग्णाला चालवू नका, गाडी बघा, थेट आरोग्य केंद्रात न्या. भगताच्या ओट्यावर गेलेला तास परत येत नाही, एवढे आम्ही हात जोडून सांगतो.