उतारावरचं पाणी आणि गुलमंडीची माणसं

छत्रपती संभाजीनगरचा इतिहास बहुधा दरवाजांपासून सांगितला जातो. भडकल, मक्का, दिल्ली, पैठण ही नावं घेतली की राज्यकर्ते आणि लढाया आपोआप येतात. गुलमंडी ही शहरातली जुनी बाजारपेठ मात्र या पद्धतीने कळत नाही. तिथे आधी जमिनीचा उतार पाहावा लागतो.

मलिक अंबरने १६१० मध्ये हे शहर खडकी या नावाने वसवलं. उत्तरेला आणि दक्षिणेला डोंगररांगा, मध्ये खोरं, पायाखाली काळा कातळ. पश्चिमेची खाम नदी पावसाळ्यापुरती. एवढ्या भांडवलावर मोठं शहर तगलं नसतं. हबशी मुलखातून गुलाम म्हणून आलेल्या या कर्तबगार माणसाने उत्तरेच्या डोंगरात मुरलेलं पाणी भूमिगत बोगद्यात गोळा केलं आणि ते मातीच्या नळांतून शहरात उतरवलं. मोट नाही, पंप नाही. सगळं काम उताराचं. वाटेत ठरावीक अंतरावर दगडी बंबे उभारले. त्यांत पाणी वर चढायचं, नळात कोंडलेली हवा सुटायची आणि प्रवाह पुढे सरकायचा. नहर-ए-अंबरी ती हीच. माझ्या मते या शहराची सर्वात थोर वास्तू जमिनीखाली आहे. पुढे आणखी नहरी झाल्या आणि अठराव्या शतकात अशाच पाण्यावर पाणचक्की फिरू लागली.

१६१६ मध्ये मोगल फौजेने खडकी जाळली, तरी वस्ती पुन्हा उभी राहिली. पाण्याची सोय झालेली जागा माणसं सहजी सोडत नाहीत. औरंगजेबाबरोबर रजपूत सरदार आले. त्यांच्या छावण्यांचे करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा झाले. गुलमंडीच्या वाट्याला छावणी आली नाही, बाजार आला. दक्षिणेकडून, पैठणच्या वाटेने येणारा माल पैठण दरवाजातून आत शिरला की सिटी चौकाकडे जाताना इथूनच जाणार. एके काळच्या या फुलबाजाराभोवती मग रंगारगल्ली, कुंभारवाडा, मछली खडक अशी ठिकाणं दाटली. राजाबाजारात संस्थान गणपती आहे, खंडेलवाल दिगंबर जैन मंदिर आहे; खुद्द गुलमंडीत सुपारी हनुमान. जवळच औरंगपुऱ्यात १९१५ मध्ये सुरू झालेल्या सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेने निजामी राजवटीत मराठी मुलांना शिकवलं. कोण कुठून आलं आणि कशावर पोट भरलं, हे या परिसराच्या नकाशावरच वाचता येतं.

अठराव्या शतकात निजामाची राजधानी इथून हैदराबादला गेली. दरबार उठला, पण बाजार राहिला, आणि मला तो या जागेचा खरा कणा वाटतो. सरदारांच्या हवेल्या ओस पडू शकतात. लग्नाचा बस्ता बांधायला येणारं खेड्यातलं कुटुंब येतच राहतं.

आता शहराची तहान प्रामुख्याने पैठणच्या नाथसागर जलाशयावर भागते. ते पाणी उताराने येत नाही, पंपांनी वर चढवावं लागतं, आणि नळाला येण्याचा दिवस घरोघरी लक्षात ठेवावा लागतो. जुन्या नहरींवर दरम्यान घरं आणि रस्ते चढले. म्हणून गुलमंडीच्या इतिहासाचं काम आज कागदपत्रांइतकंच आठवणींचं आहे. हौद कुठे होता, बंबा कोणत्या भिंतीत गेला, कोणत्या गल्लीत कोणतं घराणं आधी आलं, हे सत्तरी-ऐंशीतल्या रहिवाशांकडून लिहून घ्यायला हवं. तेही वाडे पाडले जाण्याआधी, त्या वाड्यांच्या ओसरीवर बसून.