समजून घ्या : की-बोर्डमध्ये हलगी कशी शिरते? सॅम्पलर घेताना वादक नेमके काय पाहतात

लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेच्या गावात लग्नसराई, गणपती आणि दाक्षायणी देवीचे नवरात्र हेच वाजवणाऱ्यांच्या कमाईचे दिवस. हळदीच्या मांडवात कधी सनई हवी असते, वरातीत हलगी आणि तुतारी, तर जागरण-गोंधळात संबळ. प्रत्येक कार्यक्रमाला इतके वादक नेणे पार्टीला परवडत नाही. त्यामुळे हे सगळे आवाज बऱ्याचदा एकाच की-बोर्डमधून काढले जातात. असे यंत्र घ्यायला कित्येक सुपाऱ्यांची कमाई लागते. निवड चुकली तर पुढचे दोन-तीन हंगाम ती चूक डोक्यावर राहते.

सॅम्पलर म्हणजे काय?

साधा सिंथेसायझर आवाज स्वतः तयार करतो. सॅम्पलर खऱ्या वाद्याचा रेकॉर्ड केलेला तुकडा पट्टीवर लावतो. या तुकड्याला 'सॅम्पल' म्हणतात. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात आलेल्या 'फेअरलाइट' या यंत्राने डिजिटल सॅम्पलिंग संगीतात आणले, पण ते फक्त मोठ्या स्टुडिओंनाच परवडणारे होते. १९८८ मध्ये 'कॉर्ग एम-१' आला. सॅम्पलवर आधारलेले आवाज, ड्रम, इफेक्ट आणि गाणे साठवणारा सिक्वेन्सर असे सगळे त्याच्या एकाच पेटीत होते. अशा यंत्राला 'वर्कस्टेशन' म्हणतात. मात्र त्यात बाहेरचे आवाज रेकॉर्ड करता येत नव्हते. आपल्याकडच्या वादकाला आज नेमकी तीच सोय हवी आहे. 'रोलँड एक्सपीएस-३०' सारख्या मॉडेलमध्ये भारतीय वाद्यांचे आवाज मिळतात आणि स्वतःचे सॅम्पलही टाकता येतात.

एका हलगीला मेमरी किती लागते?

सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो. मोनोमध्ये एका सेकंदाला सुमारे ८८ किलोबाइट लागतात. हलगीचा ठोका अर्ध्या सेकंदात संपतो, त्यामुळे ती स्वस्तात बसते. सनईचे गणित वेगळे. ६१ पट्ट्यांसाठी प्रत्येकी तीन सेकंदांचा वेगळा सूर घेतला तर सुमारे १६ मेगाबाइट जातात. हळू ते जोरात असे चार थर केले तर ६४ मेगाबाइट.

म्हणून दर तीन पट्ट्यांना एक सॅम्पल घेऊन मधले सूर ताणून बसवतात. यात एक अडचण आहे. सॅम्पल एक सप्तक वर नेले की ते दुप्पट वेगाने वाजते. सनई मग पिपाणीसारखी चिरकते. फार ताणलेला आवाज नकली वाटतो, तो याच कारणाने.

वादकाला नेमके काय हवे?

*पट्टी पटकन बदलणे :* गायक 'काळी एक'मध्ये गातो, पुढची गायिका 'काळी चार' मागते. ट्रान्सपोजचे बटण वरच, हाताशी हवे. मेनूच्या तिसऱ्या पानावर असेल तर माईकवर शांतता पसरते.

*आवाज न तुटता बदलणे :* सनईवरून बासरीवर जाताना आधीचा सूर कचकन कापला जाऊ नये. ही सोय सगळ्या यंत्रांत नसते.

*पॉलिफोनी :* एका वेळी किती सूर वाजतील, तो आकडा. १२८ म्हणजे १२८ बोटे नव्हेत. एका पट्टीवर चार थर लावले की चार जागा जातात. मागे ताल चालू असेल तर हिशेब लवकर संपतो आणि जुने सूर गळू लागतात.

*मींड आणि श्रुती :* सनई-बासरी सुरावरून सुरावर घसरत जाते. पिच बेंडचा दांडा किती सुरांपर्यंत ओढायचा, हे ठरवता आले पाहिजे. 'स्केल ट्यूनिंग'ही पाहावे. की-बोर्डचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. भजनात तानपुरा चालू असताना हा फरक कानाला खटकतो.

*वीज गेली तर :* काही यंत्रे टाकलेले सॅम्पल तात्पुरत्या मेमरीत ठेवतात आणि वीज जाताच सगळे पुसले जाते. पुन्हा लोड होईपर्यंत वरात पुढे निघून जाते. फ्लॅश मेमरीत साठवणारे यंत्र चालू होताच तयार असते. जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमात हा मुद्दा आवाजाच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा.

*मिडी :* १९८३ पासूनची ही जोडणी असेल तर ऑक्टापॅडवाला काठीने तुमच्या की-बोर्डमधली हलगी वाजवू शकतो.

पेनड्राइव्हमधले आवाज चालतात का?

वादकांमध्ये आवाजांचे संच हातोहात फिरतात. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा हक्क असतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. कलाकाराचा हक्क ५० वर्षे. गाजलेल्या गाण्यातला तुकडा कापून वापरणे त्यामुळे जोखमीचे. गावातल्या संबळवाल्याला बसवून, त्याला सांगून आणि मोबदला देऊन रेकॉर्ड करणे हा सरळ मार्ग.

इथे आणखी एक प्रश्न येतो. एकदा ठोका यंत्रात गेला की त्या वादकाला पुढची सुपारी कोण देणार? यंत्र ठोका देते. पण नाचणाऱ्यांचे पाय पाहून लय चढवणे आणि गोंधळ्याच्या कथेत नेमके थांबणे माणसालाच जमते. ज्या पार्टीला परवडते, ती की-बोर्ड असूनही एक खरा हलगीवाला सोबत ठेवते, ते यासाठीच.

घेण्याआधी एवढे करा

दुकानात जाताना स्वतःचे सॅम्पल पेनड्राइव्हमध्ये न्या. ते लोड करून वाजवा. मग यंत्राची वायर काढा, पुन्हा लावा. किती वेळात सुरू होते आणि तुमची हलगी जागेवर आहे का, ते पाहा. दुरुस्ती संभाजीनगरमध्येच होईल की यंत्र मुंबई-पुण्याला पाठवावे लागेल, हेही विचारून घ्या. ऐन लग्नसराईत की-बोर्ड पंधरा दिवस बाहेर राहिला, तर हातातल्या सुपाऱ्या जातात.