सभेचे निमंत्रण भलत्याच व्यक्तीस पोचते तेव्हा : कारणे व उपाय

शाळेत सूचनावही फिरते तेव्हा सभेची सूचना कोणी वाचली हे सह्यांवरून कळते. ई-मेलने धाडलेल्या निमंत्रणाचे तसे नसते. ज्याचा सभेशी काही संबंध नाही अशाच्याही हाती ते कधी कधी पडते. सभा क्रीडास्पर्धेची असल्यास फारसे बिघडत नाही. परंतु ती एखाद्या बालकाच्या अडचणीविषयी किंवा शिक्षकाविरुद्धच्या तक्रारीविषयी असेल, तर त्या बालकाची वा शिक्षकाची गोष्ट विनाकारण चव्हाट्यावर येते. अशा वेळी पहिला ठपका निमंत्रण धाडणाऱ्यावर येतो. तो दर वेळी न्याय्य असतोच असे नाही. यास्तव कोणास दोष देण्यापूर्वी निमंत्रण कोणत्या वाटेने गेले हे शोधणे अगत्याचे आहे.

पहिली परीक्षा

भलत्या व्यक्तीस आलेले निमंत्रण उघडून त्यातील निमंत्रितांची यादी पाहावी. यादीत एखाद्या गटाचे नाव असल्यास त्या गटातील सभासदही पाहावेत. त्या व्यक्तीचा पत्ता यादीत आहे किंवा नाही, या एकाच प्रश्नाने निम्मा शोध संपतो.

(अ) पत्ता यादीत असल्यास

१. पत्त्याची पहिली दोन-तीन अक्षरे टंकताच संगणक पूर्वी वापरलेले पत्ते सुचवितो. एकाच आडनावाचे अनेक जण असले की घाईत भलताच पत्ता निवडला जातो. म्हणून केवळ नाव न वाचता पूर्ण पत्ता वाचावा. आउटलुकमध्ये सुचविलेल्या नावापुढील फुली दाबून नको असलेला पत्ता काढून टाकता येतो.

२. गटाच्या पत्त्यावर धाडलेले निमंत्रण गटातील प्रत्येकास जाते. बदली झालेल्या वा निवृत्त शिक्षकाचे नाव गटातून कमी केले नसेल, तर त्यालाही ते पोचते. प्रत्येक बदलीनंतर गटाची यादी तपासण्याचा शिरस्ता ठेवावा.

३. गूगल कॅलेंडरमध्ये निमंत्रितांस आणखी कोणास बोलाविण्याची मुभा आरंभापासूनच दिलेली असते. ती नको असल्यास निमंत्रण तयार करतानाच काढून घ्यावी.

(आ) पत्ता यादीत नसल्यास

येथे धाडणाऱ्याची चूक बहुधा नसते. एखाद्या निमंत्रिताने ते स्वतः पुढे पाठविलेले असते, किंवा आलेली टपाल दुसऱ्या पत्त्यावर आपोआप धाडण्याचा नियम त्याच्या पेटीत लावलेला असतो. कित्येकदा एकाच पेटीचा पासवर्ड अनेकांस ठाऊक असतो. ही तिन्ही कारणे निमंत्रितांस शांतपणे विचारल्यास उघड होतात.

चौथे कारण मात्र सहजासहजी दिसत नाही. आउटलुक व एक्स्चेंज या व्यवस्थेत अधिकाऱ्यास आपली दिनदर्शिका सांभाळण्यासाठी दुसरा कर्मचारी प्रतिनिधी म्हणून नेमता येतो. तशी योजना असल्यास अधिकाऱ्यास आलेले सभेचे निमंत्रण प्रतिनिधीसही जाते. धाडणाऱ्यास याची गंधवार्ताही नसते. पुढे त्या प्रतिनिधीचे खाते बंद झाले आणि नेमणूक रद्द करावयाची राहून गेली, तर नियम तसाच चालू राहतो. मग ज्यास निमंत्रणच दिले नाही अशा व्यक्तीच्या नावाने ‘पोचले नाही’ असा उलट निरोप धाडणाऱ्यास येतो. असा निरोप आल्यास आपल्या संगणकात दोष शोधीत बसू नये. निमंत्रित अधिकाऱ्याने आपल्या प्रतिनिधींची यादी उघडून जुने नाव काढावे. यादीत नाव दिसत नसूनही निरोप येतच राहिले, तर पेटीत लपलेला नियम उरला आहे असे समजावे व तो ई-मेल व्यवस्था पाहणाऱ्या तंत्रज्ञाकडून काढून घ्यावा.

चूक ध्यानात आल्यावर

नको असलेले नाव यादीतून कमी करून सुधारित निमंत्रण धाडावे, म्हणजे त्या व्यक्तीस रद्द झाल्याची सूचना जाते. परंतु एकदा वाचलेला मजकूर कोणत्याही उपायाने न वाचलेला होत नाही. म्हणून त्या व्यक्तीस समक्ष वा दूरध्वनीवरून कळवून निमंत्रण पुसून टाकण्याची व वाच्यता न करण्याची विनंती करावी. बालकाविषयीचा मजकूर बाहेर गेला असल्यास मुख्याध्यापकांस त्वरित सांगावे. झाकून ठेवल्याने नुकसान वाढते.

सर्वांत खात्रीचा उपाय आधीच योजावयाचा आहे. निमंत्रणाच्या विषयात वा मजकुरात बालकाचे नाव, आजार किंवा तक्रारीचा तपशील कधीही लिहू नये. ‘शैक्षणिक बाबींविषयी विचारविनिमय’ एवढे शब्द पुरेसे आहेत. बाकीचे कागद सभेतच द्यावेत. निमंत्रण धाडण्यापूर्वी यादी एकवार सावकाश वाचावी. असे केल्याने वाट चुकलेले निमंत्रण कोणाच्याही हाती पडले तरी त्यातून दिवस, वेळ व स्थळ यांपलीकडे काही कळणार नाही.