रत्नागिरीचे अखिल हिंदू उपाहारगृह

शहरातल्या बाजारपेठेत चहाच्या दुकानात शिरणाऱ्या गृहस्थाला आज चहा किती रुपयांचा एवढीच चौकशी करावी लागते. शंभर वर्षांमागे पहिली चौकशी निराळीच असे. चहा कोणी उकळला, पाणी कोणी भरले आणि शेजारच्या बाकावर कोण बसला आहे, हे कळल्याखेरीज सोवळ्या घरातला मनुष्य पेल्याला ओठ लावीत नसे. पुष्कळ ठिकाणी मालकाची जात पाटीवरच लिहिलेली असे, आणि अस्पृश्य गिऱ्हाइकाने बाहेर उभे राहून, त्याच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या भांड्यातून चहा घ्यावा, असा शिरस्ता होता. अशा काळात, १ मे १९३३ रोजी, रत्नागिरी शहरात 'अखिल हिंदू उपाहारगृह' या नावाचे दुकान उघडले. तेथे महार समाजातील मनुष्याच्या हातून चहा व फराळ मिळे आणि सर्व जातींची माणसे एकत्र बसून तो घेत.

यात एवढे धाडस कसले, हे समजण्यास रोटीबंदीचा कायदा ध्यानात घेतला पाहिजे. कोरडे धान्य, फळे, गूळ ही कोणाच्याही हातची चालत. पण धान्याला पाणी आणि अग्नी यांचा संस्कार झाला, म्हणजे त्याचा भात झाला किंवा भाकरी झाली, की शिजविणाऱ्याची जात त्या अन्नाला चिकटली असे मानीत. तळलेल्या अथवा दुधातल्या पदार्थांना थोडी सवलत होती. चहात तर पाणीही आहे आणि अग्नीही आहे. तेव्हा तो उघडउघड बंदीच्या हद्दीत येई. ही बंदी राखायला शिपायाची गरज नव्हती. वाळीत पडलेल्या घराला मुलीसाठी स्थळ मिळत नसे, श्राद्धाला भटजी येत नसे. इतकी शिक्षा संसारी माणसाला पुरेशी होती.

म्हणून सुधारकही प्रथम चोरून जेवले. मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेला पाव खावा लागे. परंतु दारे लावून. १८६० च्या सुमारास सभेचे कागदपत्र चोरीस गेले, सभासदांची नावे बाहेर फुटली, आणि सभा मोडली. पुढे १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. तेथे हजर असलेल्यांची नावे गोपाळराव जोशी यांनी वर्तमानपत्रात छापून आणली, आणि त्या एका पेल्यावरून पुण्यात मोठे ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या अधिकारी पुरुषालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. नावांची यादी हे तोवर सनातनी पक्षाचेच शस्त्र होते.

रत्नागिरीत ते शस्त्र उलटे धरले गेले. विनायक दामोदर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घेण्याची त्यांना मनाई होती. त्यांनी समाजसुधारणेचे काम हाती घेतले. हिंदू समाजाच्या पायांत सात स्वदेशी बेड्या आहेत असे ते सांगत, आणि रोटीबंदी ही त्यांपैकी एक होती. शहरात सहभोजने होऊ लागली, आणि पंगतीस बसलेल्यांची नावे मुद्दाम वृत्तपत्रांत प्रसिद्ध केली जात. पंगतीत जेवून घरी कानांवर हात ठेवणारा मनुष्य सुधारणेला फारसा उपयोगी नसतो, हे उघड आहे. नाव स्वतःच छापून टाकले म्हणजे ते फोडण्याची भीती घालणाऱ्याजवळ काही उरत नाही.

तरीही सहभोजन हा एका दिवसाचा प्रसंग. भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने १९३१ साली उभारलेले पतितपावन मंदिर सर्व हिंदूंना खुले होते, पण देवळात जाणे हेही सणावारी घडते. चहाचे दुकान रोजचे. तेथे भाषण नाही, आमंत्रण नाही. तल्लफ आली की शिरावे, पैसे मोजावे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पेला रिकामा करावा. असे दुकान आपल्या आळीत रोज उघडते आणि आभाळ काही कोसळत नाही, हे पाहणाऱ्याला दहा व्याख्यानांहून अधिक पटत असले पाहिजे. सावरकरांच्या भेटीस येणाऱ्याने आधी या उपाहारगृहात चहा घ्यावा असा त्यांचा आग्रह असे, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. कसोटी मोठी सोयीची होती: सुधारणेवर तासभर बोलणारा पाहुणा पेल्यापाशी किती वेळ थबकतो, एवढेच पाहावयाचे.

उपाहारगृहाची मर्यादा त्याच्या नावातच होती. चळवळीचा हेतू हिंदूंचे संघटन हा होता, आणि तो कोणी लपविलाही नव्हता. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील निबंधात स्पष्ट लिहिले की, सहभोजनाने जातिभावना मरत नाही. रक्त मिसळले पाहिजे, म्हणजे मिश्रविवाह झाले पाहिजेत, आणि ज्या शास्त्रांच्या पावित्र्यावर जात उभी आहे त्यांवरील श्रद्धाच ढळली पाहिजे. या म्हणण्यात तथ्य आहे. एका बाकावर चहा पिणारी किती कुटुंबे एकमेकांकडे सोयरिकीला गेली, असा हिशेब मांडला तर आजही उत्तर फारसे सुखाचे येणार नाही.

मात्र चहाच्या दुकानाचे दार ही क्षुल्लक बाब आहे असे घटनाकारांनाही वाटले नाही. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने, अस्पृश्यतेच्या कारणावरून उपाहारगृहात प्रवेश नाकारणे, किंवा तेथील सार्वजनिक भांडी वापरू न देणे, हा दंड व कैदेचा गुन्हा ठरला. त्यानंतरही कित्येक खेड्यांत वळचणीला खोचलेली निराळी कपबशी पुष्कळ वर्षे तशीच राहिली.