कच्चं खा, पण चूल विझवू नका

भगिनींनो, वजन उतरवायला काहीजणी शिजवलेलं सोडून नुसतं कच्चं खातात. काकडी, मुळा, आपला अलिबागचा पांढरा कांदा ताटात हवाच. भाज्या-फळं दिवसाला निदान 400 ग्रॅम खावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातल्या चोथ्यानं पोट भरतं, भात कमी लागतो.

पण डाळी-कडधान्यं शिजली तरच नीट पचतात. बी-12 जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं. ते मासळी, अंडी, दुधातून मिळतं. म्हणून मांडव्यात राहून बोंबलाचं कालवण सोडू नका; तेल, साखर, मैदा कमी करा. कच्चं खायचं ते स्वच्छ पाण्यानं धुऊन घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण एकदम तोडू नका. साखर फार उतरली तर जिवावर बेततं. आधी डॉक्टरांना विचारा.